अनुदान आणि स्वावलंबन

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात दिलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी गाण्याबजावण्याच्या जोडीला एखादा उपयोगी विषयही असावा, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी 'दिव्यांग मुलामुलींसाठी सरकारकडून काय मिळते' हा विषय मला देण्यात आला. काय मिळते ते मी सांगेनच. पण ते कशासाठी घ्यायचे, हेही आपण आज पाहिले पाहिजे.

ज्या घरात असे मूल आहे, त्या घरातल्या आईच्या मनात रात्रंदिवस एकच प्रश्न असतो: आमच्या मागे याचे कसे होणार? या प्रश्नाला बँकेतली ठेव हे अर्धेच उत्तर आहे. स्वतःचे स्वतः जेवणे, कपडे करणे, चार माणसांत बोलणे, पैसे मोजणे, जमेल तो उद्योग करणे, यांतले जेवढे त्याला येईल तेवढा तो आपल्या मागे सुखी राहील. म्हणून अनुदानाचा विचार करताना स्वावलंबनावर नजर हवी.

आधी दारातून आत कसे जायचे ते पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. डोळ्यांना दिसणारे अपंगत्व तेवढेच खरे, असे नाही. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, थॅलसेमिया हेही त्यात येतात. बहुतेक सवलतींसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा अर्ज इंटरनेटवरून भरायचा आणि सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचे.

या दारापाशीच पुष्कळ घरे अडतात. "एकदा कागदावर आले की धाकटीच्या लग्नात विघ्न येईल," असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. भगिनींनो, कार्ड काढल्याने अपंगत्व येत नाही आणि न काढल्याने ते जात नाही. लपवण्यात जी वर्षे जातात ती मात्र मुलाच्या शिकण्याची असतात, आणि ती परत येत नाहीत.

आता पैशाकडे वळू. आपण गृहिणी घरखर्चाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो. किराण्याचा डबा वेगळा, मुलांच्या फीचा वेगळा. सरकारी मदतीचेही असेच तीन डबे समजा.

पहिला डबा उदरनिर्वाहाचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून गरजू दिव्यांगांना दरमहा रक्कम मिळते. 2025 साली राज्य सरकारने ती दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. याला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि अर्ज तहसील कचेरीत करावा लागतो. हा पैसा पोटाचा आहे. त्याने घराला आधार होतो, पण एवढ्यावर थांबले तर मूल जिथे आहे तिथेच राहते.

दुसरा डबा साधनांचा. केंद्र सरकारची 'एडिप' नावाची योजना 1981 सालापासून चालू आहे. तिच्यातून चाकाची खुर्ची, तीनचाकी सायकल, कानाचे यंत्र, ब्रेल शिकण्याचे साहित्य अशा वस्तू मिळतात. इथेही उत्पन्नाची अट आहे. पण साधन घरात आले म्हणजे काम झाले असे नव्हे. कानाचे यंत्र लावल्यावर ऐकायला आणि बोलायला शिकवावे लागते. ते न केल्यामुळे नवी कोरी यंत्रे कपाटात पडून राहतात. वस्तू घेताना "ही वापरायला कोण शिकवील?" हा प्रश्न तिथल्या तिथे विचारावा.

तिसरा डबा शिकण्याचा. हा सर्वांत मोलाचा, आणि याचीच चौकशी सर्वांत कमी होते. लहान मुलांसाठी 2013 सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायामोपचार आणि वाचोपचार यांची सोय केलेली असते. सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्यासाठीच्या खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क 2016 च्या कायद्याने दिला आहे. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना दरमहा दोनशे रुपये, वर्षातले दहा महिने, विद्यावेतन ठेवले आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. थोड्या वर्गणीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद तीत आहे, आणि नियमित उपचारांचा खर्चही तीत धरला जातो. मात्र पैसे आधी आपण भरायचे असतात आणि मागाहून मागायचे असतात. तेव्हा बिलाचा एकही कागद टाकू नका.

मूल मोठे झाले की धंदेशिक्षणाची वेळ येते. मुंबईत दिव्यांगांना कामाची दिशा दाखवणारे केंद्र सरकारचे करिअर सेवा केंद्र आहे. स्वतःचा धंदा करायचा तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून कर्ज मिळू शकते. ते कर्ज आहे, बक्षीस नव्हे. म्हणून आधी हुन्नर आणि मग कर्ज, हा क्रम सोडू नये.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याने सज्ञान होते, आणि आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. वर सांगितलेल्या चार प्रकारांत जरूर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीशी उभे राहिल्यावर कळते.

"मुलगा कमवू लागला तर अनुदान बंद होईल, मग शिकवून काय फायदा?" असेही विचारले जाते. ही भीती अगदी निराधार नाही, कारण उत्पन्नाची मर्यादा आहेच. तहसील कचेरीत आधी विचारून, हिशेब मांडून पाऊल टाकावे. पण अनुदान टिकावे म्हणून तरुण मुलाला जन्मभर घरात बसवून ठेवणे हा हिशेब मला पटत नाही. हाताला काम मिळाले की माणसाची मान ताठ होते, आणि त्या ताठ मानेची किंमत कोणत्याही हप्त्यात बसत नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले ते याच विश्वासावर. समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांना त्यांनी भीक न देता शेतीचे आणि हातमागाचे काम दिले.

आणि घरात आपण काय करतो? माया करता करता मुलाचा शर्ट आपणच घालतो, घास आपणच भरवतो. वेळ वाचतो, पण त्याचे शिकणे राहते. उपचार करणाऱ्या बाईंकडे गेल्यावर "याला बरे करा" एवढेच म्हणू नका. "सहा महिन्यांत याने स्वतः गुंड्या लावाव्यात", "हिने कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणून उरलेले पैसे मोजून द्यावेत", असे एकच काम ठरवून मागा. मग खर्च झालेला पैसा कामी आला की नाही, हे तुम्हांलाच पाहता येईल.

शेवटी मंडळाकडे माझे तीन गोष्टींचे मागणे आहे. राज्य सरकारच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. तो पैसा वर्षअखेरीस घाईने वाटला जाऊ नये, त्यातून काही भाग शिक्षणासाठी खर्च व्हावा, असे आपण सभेत उभे राहून विचारू या. दुसरे, कचेरीत एकटी जाणारी आई दोन हेलपाट्यांत खचते. तिच्याबरोबर आपल्यापैकी एकीने जावे. तिसरे, मंडळाच्या पापड आणि पिशव्यांच्या उद्योगात एक जागा अशा मुलीसाठी ठेवावी. मुलांसाठी धडपडणारी घरेही दिव्यांग मुलीला चुलीपाशी विसरतात. तिला शिकवावे, आणि काम केल्यावर इतरांइतकीच मजुरी द्यावी.

सरकार पैसा देईल, उपचार करणाऱ्या बाई शिकवतील, पण गल्लीतली माणसे त्या मुलाला जाणाऱ्या-येणाऱ्यांत धरतील तरच तो खरा आपल्या पायांवर उभा राहील. हे काम आपल्या मंडळाच्या हातचे आहे.