नव्याण्णव फुगे

१९८३ सालचं पश्चिम जर्मनीच्या नेना बँडचं ‘९९ लुफ्टबलॉन्स’, म्हणजे ९९ फुगे. ठेका नाचायचा, गोष्ट युद्धाची. पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात सोडलेले फुगे पाहून गिटारवादक कार्लो कार्गेसला वाटलं, हे भिंतीपलीकडे गेले तर? गाण्यात फुग्यांना शत्रू समजून लढाई पेटते.

फौजी माणसाला ही अतिशयोक्ती वाटत नाही. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सोव्हिएत यंत्रणेनं पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं येताना दाखवली. ड्युटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह. खरा हल्ला एवढ्या पाचांनी कोण करेल, असा हिशेब करून त्यांनी वर ‘खोटा इशारा’ कळवला. चमकलं होतं ते ढगांवरचं ऊन.

पुढे पेत्रोव्हना ताकीद मिळाली. कशाबद्दल? त्या रात्रीच्या नोंदी वहीत नीट भरल्या नाहीत म्हणून! हे मात्र कुठल्याही देशाच्या फौजीला लगेच पटेल.