सर जॉन सोन यांचं घर

लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधलं १३ नंबरचं घर बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुरचनाकार सर जॉन सोन यांचं. न्याहारीच्या खोलीच्या घुमटाकार छतात त्यांनी छोटे बहिर्गोल आरसे बसवले. वरून झिरपणारा उजेड त्यांत खेळतो आणि लहानशी खोली ऐसपैस वाटू लागते. पण खरी कमाल चित्रांच्या खोलीत! तिथल्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत पुन्हा चित्रंच! एवढ्याशा जागेत शंभरावर चित्रं मावली आहेत; विल्यम होगार्थची ८ चित्रांची गाजलेली मालिकाही इथेच. तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची दगडी शवपेटी आहे, १८२४ साली २,००० पौंडांना घेतलेली. १८३३ मध्ये संसदेने कायदाच केला, की सोन यांच्यानंतर घर होतं तसंच राखायचं. आजही प्रवेश विनामूल्य आहे.