जुनी करमणूक आणि नवी कात्री

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजच्या विषयावर दोन तक्रारी नेहमी कानावर पडतात. एक पक्ष म्हणतो, हल्ली ऊठसूट लोकांच्या भावना दुखावतात, जुन्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, जुनं सगळं बुरसटलेलं आहे, टाका काढून. या भांडणात एक साधा प्रश्न राहून जातो. ज्याला हात लावायचा ती चीज रोज नव्यानं सादर होणारा खेळ आहे, की एकदा तयार होऊन कायम झालेली कृती? माझ्या मते दोघांना एकच नियम लावणं ही गफलत आहे, आणि निम्मं भांडण या गफलतीतूनच होतं.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला जाऊ. मुलंबाळं, आजी-आजोबा असं अख्खं कुटुंब जिथे एकत्र जातं, ती ही जागा. तिथली ‘पायरेट्स ऑफ द कॅरेबियन’ ही राइड 18 मार्च 1967 रोजी सुरू झाली. वॉल्ट डिस्ने त्याआधी तीनच महिने वारले होते. आपण बोटीत बसायचं आणि अंधारातून जाता जाता चाच्यांनी एक गाव कसं लुटलं ते पाहायचं. माणसं म्हणजे हलणारे-बोलणारे यांत्रिक पुतळे.

त्यात एक प्रसंग लिलावाचा होता. गावातल्या बायका दोरानं बांधून रांगेत उभ्या केलेल्या. डोक्यावर फलक, की बायको करायला एखादी घेऊन जा. लिलाव पुकारणारा एका स्थूल बाईची तारीफ करतोय आणि पलीकडे बसलेले झिंगलेले चाचे तिच्यामागे उभ्या असलेल्या लाल केसांच्या, लाल झग्यातल्या तरुणीसाठी ओरडताहेत. पुढे आणखी एक गंमत: चाचे बायकांच्या मागे गोल गोल धावताहेत. पन्नास वर्षं लोक हे बघून हसले. हा प्रसंग ज्यांनी रेखाटला ते मार्क डेव्हिस डिस्नेच्या पहिल्या फळीतले कलावंत. त्यांच्या हाताला विनोद होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

1997 मध्ये पहिली दुरुस्ती झाली. पळणाऱ्या बायकांच्या हातात खाण्याची तबकं दिली, म्हणजे चाचे बाईच्या नव्हे, जेवणाच्या मागे लागलेत असं वाटावं. ही निव्वळ पळवाट होती. प्रसंग तोच, फक्त सबब बदलली. ती कुणालाच पटली नाही. जुन्या चाहत्यांना खेळ नासवल्यासारखा वाटला आणि आक्षेप घेणाऱ्यांचा आक्षेप जागच्या जागी राहिला.

2018 साली केलेला बदल मात्र विचार करून केलेला आहे. लिलाव राहिला, पण आता बोली लागते ती लुटलेल्या मालावर, कोंबड्यांवर आणि रमच्या पिंपांवर. लाल केसांची बाई तिथेच आहे, फक्त आता ती स्वतःच चाच्यांपैकी एक आहे, हातात बंदूक घेऊन उभी. प्रसंगाला नवं तर्कशास्त्र मिळालं, बाईला काम मिळालं आणि हसायची जागाही शाबूत राहिली. दुरुस्ती करायची तर अशी करावी.

यावर एक हुशार आक्षेप येतो. त्याच राइडमध्ये गाव अजून जळतंय, गावच्या महापौराला अजून विहिरीत बुचकळून काढताहेत. ते चालतं, मग लिलावच का नको? उत्तर हसण्यात आहे. महापौराला बुचकळणारे चाचे आपल्या गावी येतील ही भीती बोटीतल्या कुणालाही नाही. ते जग संपलं. पण बाईची किंमत तिच्या रूपावर ठरवणं संपलेलं नाही, आणि बायकांची खरेदी-विक्रीही जगातून गेलेली नाही. बोटीत आठ वर्षांची मुलगी बापाच्या शेजारी बसलेली असते. समोर बाई विकली जाते आणि बाप हसतो. तो विनोद आपल्याला बोली लावणाऱ्यांच्या बाकावर नेऊन बसवतो. जुना विनोद तपासताना मी हीच कसोटी लावतो: हसताना आपण कुणाच्या बाजूला जाऊन बसतो?

‘त्या काळी हे कुणाला खटकत नव्हतं’ हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. 1946 साली डिस्नेचा ‘साँग ऑफ द साउथ’ आला. गोऱ्यांच्या मळ्यावर आनंदात राहणारा, मुलांना सशा-कोल्ह्याच्या गोष्टी सांगणारा काळा म्हातारा हा त्याचा नायक. ती भूमिका करणारे जेम्स बॅस्केट अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाऊ शकले नाहीत, कारण त्या शहरात काळ्या-गोऱ्यांची सक्तीची फारकत होती. पुढे 1948 मध्ये त्याच भूमिकेसाठी त्यांना मानद ऑस्कर मिळालं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं चित्रपट आला तेव्हाच निषेध नोंदवला होता. म्हणजे खटकत होतं. ज्यांना खटकत होतं त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, इतकंच.

त्या चित्रपटातल्या प्राण्यांवर 1989 मध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्याची राइड उभी राहिली. 2020 साली ती बदलण्याची घोषणा झाली आणि 2024 मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही ठिकाणी तिच्या जागी टियाना या काळ्या नायिकेची राइड सुरू झाली. याला माझी हरकत नाही. राइड हा चालता खेळ आहे. डिस्नेलँड कधीच पुरं होणार नाही, असं तर खुद्द वॉल्ट डिस्नेच सांगत. हरकत आहे ती मूळ चित्रपट कपाटात कुलूपबंद ठेवण्याला. अमेरिकेत तो घरी पाहण्यासाठी कधी अधिकृतपणे विक्रीलाच आला नाही. जे पाहताच येत नाही, त्याच्यावर नातवंडं निवाडा कसा देणार?

याच कंपनीनं ‘डम्बो’ आणि ‘पीटर पॅन’ आपल्या वाहिनीवर ठेवले आणि 2020 मध्ये त्यांच्या सुरुवातीला सूचना दिली होती, की यातलं काही चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे. चित्रपटाला कात्री नाही, प्रेक्षकाशी लपवाछपवी नाही. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो.

आता पुस्तकं. रोआल्ड डाल यांच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधले कारखान्यातले बुटके कामगार 1964 च्या पहिल्या आवृत्तीत आफ्रिकेतून आणलेले काळे लोक होते. टीका झाल्यावर डाल यांनी स्वतःच 1973 च्या आवृत्तीत ते बदलले. लेखकाला तो अधिकार आहेच. प्रकाशकानं त्यांच्या पुस्तकांत शेकडो बदल केल्याचं 2023 मध्ये उघड झालं, तेव्हा डाल जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. ‘लठ्ठ’ हा शब्द गेला आणि ‘अवाढव्य’ आला. माटिल्डा पूर्वी किपलिंग वाचून भारतात पोहोचायची, तिच्या हातातून किपलिंगच काढून घेतला. आतल्या पानावर बारीक अक्षरांत एक मोघम टीप होती, पण नेमकं कुठे काय बदललं ते वाचकाला कळलं वर्तमानपत्रातून. गदारोळ झाल्यावर मूळ पाठाच्या आवृत्त्याही उपलब्ध राहतील, असं प्रकाशकानं जाहीर केलं. हे आधी का सुचलं नाही?

श्रोतेहो, खेळ आणि कृती यांतला हा फरक आपल्याला नवा नाही. 1882 साली रंगभूमीवर आलेलं किर्लोस्करांचं संगीत नाटक ‘सौभद्र’ घ्या. शंभराहून अधिक पदं, रात्रभर चालणारा प्रयोग. आज ते अडीच-तीन तासांत बसवतात, निम्म्याहून अधिक पदं गळतात आणि किर्लोस्करांचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही, कारण संपूर्ण संहिता छापील पुस्तकात आहे. तमाशातली बतावणी तर गावागणिक बदलते. सोंगाड्या समोरचा प्रेक्षक पाहून वाक्य फिरवतो. प्रयोग बदलायचा आणि पोथी जपायची, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

तेव्हा आपल्याकडच्या विनोदालाही तीच कसोटी लावू या. जाड बाई, काळी मुलगी, तोतरा नोकर, गावाकडची बोली बोलणारा गडी: यांच्या जिवावर आपण किती हशे वसूल केले, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. पुनरुज्जीवित नाटकात असं वाक्य आलं तर दिग्दर्शकानं ते खुशाल बदलावं. मात्र डिस्नेनं 1997 मध्ये काढली तशी पळवाट काढू नये. प्रसंगाला नवी हसायची जागा शोधावी, तीही मूळच्या तोडीची.

निर्मात्यांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे. जाहिरातीत आणि मुखपृष्ठामागे स्पष्ट लिहा: ही सुधारित आवृत्ती, अमुक बदललं, अमुक माणसानं बदललं, मूळ पाठ अमुक ठिकाणी मिळेल. एवढी शिस्त पाळली तर बदलाला कुणी घाबरायचं कारण नाही. आणि पालकांना सांगणं एवढंच, की जुना सिनेमा लावलात तर मुलांना एकटं सोडून उठू नका. शेजारी बसा आणि नको तिथे हसू आलं तर का आलं, ते त्यांच्याशी बोला.