अकरा नाणी आणि एक वायसर



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे चिटणिसांनी मला आताच सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या मालांत न आवडणारे विषयही शांतपणे ऐकून घेण्याची रीत आहे. त्या रीतीच्या भरवशावर मी येथे उभा आहे. मी डॉक्टर नव्हे, समाजसुधारक तर नव्हेच. माझा जन्म यंत्रे दुरुस्त करण्यात गेला. तेव्हा आज बोलणार आहे ते एका यंत्राबद्दलच. ते मुलींच्या स्वच्छतागृहात भिंतीला टांगलेले असते, त्याला माझा इलाज नाही!

नाणे टाकले की सॅनिटरी पॅड देणारी ही पेटी आता साताऱ्या-सांगलीकडच्या लोकांना नवी राहिलेली नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेने अशी पेटी दुरुस्त करण्यासाठी मला बोलावले. शाळेचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. मुख्याध्यापक रागावलेले होते. म्हणाले, "मास्तर, मुली फार वात्रट. पाच रुपयांच्या नाण्याऐवजी वायसर टाकतात. यंत्र बिघडवले. आता काढूनच टाकावे म्हणतो."

मी पेटी उघडली. नाण्याची वाट गच्च भरली होती. एकेक करून नाणी काढली आणि ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने टेबलावर मांडली. सर्वांत वर खरोखरच एक वायसर होता. त्याच्याखाली पाच रुपयांची दहा नाणी होती आणि तळाशी एक जुने, जाड, पाचाचे नाणे आडवे अडकून बसले होते.

आता आपणच पंच व्हा. यंत्र कोणी बिघडवले? वायसर सर्वांत वर होता, म्हणजे तो सर्वांच्या मागून पडला. यंत्र त्याच्या आधीच बंद पडले होते आणि ते एका खऱ्या, सरकारी टांकसाळीतल्या नाण्याने बंद पाडले होते. पाचाचे जुने नाणे नऊ ग्रॅमचे, मागाहून आलेले सहा ग्रॅमचे. व्यास दोन्हींचा तेवीस मिलिमीटर, पण जाडी वेगळी. यंत्र करणाऱ्याने पातळ नाण्याचे माप धरून वाट केली आणि जाड नाणे चलनात आहे हे विसरला. एका वायसरची तक्रार ऑफिसपर्यंत पोचली. परंतु अकरा मुलींनी पैसे टाकले, त्यांना काही मिळाले नाही, त्या कोणाकडे गेल्या, काय वापरले, की घरी निघून गेल्या, याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सारे सार या एका नळीत आहे. बिघाड आधी आला, दुरुपयोग मागून आला. आणि शिक्षा मात्र दुरुपयोगाच्या नावाने अकराजणींना झाली.

नाण्यावर चालणारे यंत्र काही आजचे नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या विद्वानाने देवळात तीर्थ देणाऱ्या पात्राचे वर्णन करून ठेवले आहे. नाणे तरफेच्या टोकावर पडे, तरफ झुके, झडप उघडे आणि पाणी येई. नाणे घसरून खाली गेले की झडप बंद. युक्ती सुंदर, पण तिला कळे ते फक्त वजन. तेवढ्या वजनाचा दगड टाकला तरी तीर्थ मिळालेच असते! आपल्या रेल्वे स्टेशनांवरची ती दिव्यांची, फिरत्या चकत्यांची वजनाची यंत्रे आपणांस आठवत असतील. नाणे टाकावे, आणि तिकीट आले नाही की यंत्राला एक बुक्की मारावी, हे शिक्षण आपण सर्वांनी तेथेच घेतले. बुक्की मारणारा गुन्हेगार नसतो. तो फसवला गेलेला असतो.

आजच्या यंत्रात नाणे पारखण्याचे दोन मार्ग असतात. एक मापाचा: व्यास, जाडी, वजन. दुसरा विजेचा: नाणे तारेच्या वेटोळ्याजवळून जाते आणि त्याच्या धातूचा परिणाम मोजला जातो. मापावर चालणारे यंत्र स्वस्त, पण आपल्या नाण्यांनी त्याची फार परीक्षा पाहिली आहे. २०११ पूर्वीचा स्टीलचा रुपया आणि २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे हातात घेऊन पाहा. दोन्ही पंचवीस मिलिमीटरची, वजनही जवळजवळ तेच. माणूस डोळ्यांनी वाचतो. यंत्राने काय करावे? आणि दहाच्या नाण्याची कथा तर बाजारात रोज ऐकू येते. त्याच्या चौदा तऱ्हा निघाल्या आणि त्या सर्व चालतात, असे रिझर्व्ह बँकेला २०१८ साली जाहीर करावे लागले. ज्या नाण्याबद्दल भाजीवाल्याला शंका, त्याच्याबद्दल पेटीने खात्री द्यावी, ही अपेक्षा जरा मोठीच.

परंतु नाणे ही साखळीतली एकच कडी. वीज असली पाहिजे, नाणे ओळखले गेले पाहिजे, आतली मळसूत्रासारखी स्प्रिंग फिरली पाहिजे, पॅड वाटेत न अडकता खाली पडले पाहिजे आणि मुळात आत माल असला पाहिजे. अशा पाच कड्या. समजा, प्रत्येक कडी शंभरांतून पंच्याण्णव वेळा नीट चालते. ऐकायला उत्तम वाटते! पण पाचही एकदम नीट चालण्याचा हिशेब केला तर शंभरांत सत्त्याहत्तरच वेळा. म्हणजे जवळजवळ दर चौथी मुलगी रिकाम्या हाताने परत. त्यात पाटण-जावळीच्या पावसात पत्रा गंजतो, माण-जतच्या धुळीने नाण्याची वाट भरते. आणि २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईने सांगली शहरात कुठवर पाणी आणले होते, ते मी आपणांस सांगायला नको. पेटी खालच्या मजल्यावर कंबरेच्या उंचीवर लावणाऱ्याने ते पाणी स्मरावे.

मालाचाही हिशेब करू. शाळेत तीनशे मोठ्या मुली. अठ्ठावीस दिवसांतले पाच दिवस धरले तर कोणत्याही दिवशी सुमारे पन्नास-पंचावन्न मुलींची पाळी चालू असते. त्यांतल्या दहांतल्या एकीलाच अचानक गरज पडते असे धरा, तरी रोज पाच पॅड लागली. तीस पॅडची पेटी शाळेच्या एका आठवड्यात संपली. आणि आपण ती केव्हा भरतो? शिपाई मामांना आठवण झाली की! किल्ली कोणाकडे? ज्या बाई आज रजेवर आहेत त्यांच्याकडे. बंद पडलेले म्हणून दाखवलेले यंत्र उघडावे, तर पुष्कळदा त्यात बिघाड काहीच नसतो. ते नुसते रिकामे असते.

आता दुरुपयोगाकडे येऊ, कारण तो नाहीच असे मी म्हणणार नाही. दोरा बांधलेले नाणे, वायसर, खालच्या फटीतून घातलेला हात, फुकटचे बटण असेल तर मधल्या सुट्टीत रिकामी केलेली पेटी, हे सर्व घडते. पण त्यावर कुलपामागे कुलूप हा उपाय नव्हे. दुरुपयोग रोखण्याची प्रत्येक युक्ती खऱ्या गरजेच्या वाटेतही एक धोंडा ठेवते. ओळखपत्र दाखवून पॅड घ्यायचे ठरवले, तर चोरी थांबेल आणि लाजेने मुलीही थांबतील. समोर कॅमेरा लावला तर काय होईल, ते बोलून दाखवायलाही नको. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत पॅड देणारे आपण. "कावळा शिवला" याहून सरळ शब्द घरात न उच्चारणारे आपण. त्या मुलीने ऑफिसात जाऊन "यंत्राने माझे नाणे गिळले" असे सांगावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून मेस्तरी या नात्याने माझ्या सूचना साध्या आहेत. नाणे न पटल्यास ते परत खाली आलेच पाहिजे. हे न करणारे यंत्र घेऊच नये. बटणाचे यंत्र असेल तर एक पॅड दिल्यावर काही मिनिटे थांबण्याची सोय ठेवावी. उगीच दाबणारी कंटाळते, गरजवंताचे अडत नाही. पॅड खरोखर खाली पडले की नाही हे पाहणारा डोळा आत असावा. किल्ल्या दोन असाव्यात, दोन बाईंकडे. पेटीवर एक कागद असावा: भरल्याची तारीख, भरलेली पॅड, निघालेले पैसे. पॅड आणि पैसे यांचा मेळ आठवड्याला घातला की चोरी किती आणि बिघाड किती हे कळते. एरवी सगळेच मुलींच्या नावावर खपते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्राशेजारी कुलूप नसलेल्या डब्यात पाच पॅड नेहमी ठेवावीत. ती नाहीशी झाली तर होऊ द्यावीत. जनऔषधी केंद्रांतल्या सुविधा पॅडची किंमत २०१९ साली एका रुपयावर आणली गेली. पाच पॅडची चोरी म्हणजे एका चहाचीही किंमत नाही. तेवढ्यासाठी एका मुलीचा दिवस बुडवणारा हिशेब मला तरी जमत नाही.

जाळण्याच्या पेटीबद्दल दोनच शब्द. पॅडमध्ये प्लास्टिक असते. पुरेशी उष्णता नसलेल्या पेटीत ते जाळले तर विषारी धूर त्याच खोलीत कोंडतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड गुंडाळण्यासाठी पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ती मागून घ्यावी आणि झाकणाचा डबा रोज रिकामा करावा.

शेवटी आपल्याच मुलखातली एक गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. नांगर खपला तो शेतात खरा उतरला म्हणून. आणि १९१० साली वसलेल्या त्याच किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. लोखंडाचे काम आणि स्त्रियांची बाजू एका गावात नांदू शकतात, हे या जिल्ह्याने कधीच दाखवून दिले आहे.

ती अकरा नाणी मी मुख्याध्यापकांच्या हाती दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "आता ही परत कोणाला द्यायची?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. यंत्र मी दुरुस्त केले. आपण सर्वजण घरी गेल्यावर आपापल्या गावच्या शाळेत एवढेच विचारा, की पेटीची किल्ली कोणाकडे आहे आणि ती शेवटची केव्हा उघडली होती. उत्तर चटकन आले नाही, तर ती पेटी बंद आहे असे खुशाल समजा.