उमेदवारीचें एक वर्ष
(धर्मग्रामाच्या महोत्सवांत तरुण व पालक यांच्यापुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या भाषणमालेंत 'तरुणांचा उद्योग' हा विषय आम्हांकडे आला आहे. तरुणांनीं आळस सोडावा, व्यसनें टाळावीं, हें सांगण्यास आमच्याहून अधिकारी माणसें या व्यासपीठावर बसलेलीं आहेत. आम्ही एका सरकारी मंडळाविषयीं बोलणार आहों. कारण त्याचें नांव ठाऊक नसल्यामुळें आपल्या मुलांचें नुकसान होऊं शकतें.

हें मंडळ म्हणजे मुंबईस शीव येथें असलेलें पश्चिम विभागाचें शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या हाताखालीं अशीं चार मंडळें आहेत. बाकीचीं तीन कानपूर, कोलकाता व चेन्नई येथें. आपल्या मंडळाकडे महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड हीं राज्यें येतात. आय. टी. आय. मधून बाहेर पडणाऱ्या मुलांची व्यवस्था निराळी आहे. हें मंडळ मुख्यतः पदवी व पदविका घेतलेल्यांचें. १९६१ सालच्या उमेदवारी कायद्यांत या वर्गाचा समावेश १९७३ मध्यें झाला, तोही इंजिनियरांपुरता. बी. ए., बी. कॉम. झालेल्यांना हें दार २०१४ च्या दुरुस्तीनें उघडलें.

'उमेदवारी' हा शब्द हल्लीं निवडणुकीपुरता उरला आहे. आपल्या वाडवडिलांस तो ठाऊक होता, तो सुताराच्या किंवा गवंड्याच्या हाताखालीं काढलेल्या दिवसांवरून. आधीं हत्यारांस धार लावावयाची, उस्तादाचा हात कसा चालतो तें पाहावयाचें, मग कोठें रंधा हातीं यावयाचा. कायद्यानें त्याच जुन्या रीतीस करारपत्र, मुदत व विद्यावेतन यांची जोड दिली आहे. पदवीधराची मुदत साधारण एक वर्षाची. २०१९ च्या नियमांनीं पदवीधरास दरमहा किमान ९,००० रुपये व पदविकाधारकास ८,००० रुपये विद्यावेतन ठरविलें. किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार सोसतें. आम्ही मुलगा म्हणूं तेथें मुलगीही धरावी. विद्यावेतन दोघांस सारखेंच आहे. मुदत पुरी केल्यावर मंडळ प्रमाणपत्र देतें.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, पुढें नोकरी पक्की ना? नाहीं. उमेदवारांस नोकरींत घेण्याविषयीं मालकानें आपलें धोरण ठरवावें, इतकेंच कायदा म्हणतो. उमेदवार हा शिकणारा, कामगार नव्हे, हेंही त्यांत स्पष्ट आहे. कारखान्यांत अपघात झाला तर त्यास कामगाराप्रमाणेंच भरपाई मिळते. परंतु कामगारांचे इतर बहुतेक हक्क त्यास नाहींत. चांगल्या मालकाकडे तो वर्षभरांत यंत्र, हिशेब व वेळ पाळण्याची शिस्त शिकून बाहेर पडतो. वाईट ठिकाणीं तोच मुलगा स्वस्तांत मिळालेला एक जादा हात ठरतो, आणि खोकीं मोजण्यांत त्याचें वर्ष जातें. मंडळ करार नोंदवितें, देखरेखही ठेवतें; पण पांच राज्यांतल्या प्रत्येक यंत्रापाशीं त्याचा माणूस उभा राहूं शकत नाहीं. म्हणून सही करण्यापूर्वीं घरच्यांनींच विचारावें, मुलास शिकविणार कोण, कोणत्या विभागांत किती महिने ठेवणार? विद्यावेतनाची चौकशी त्यानंतर केली तरी चालेल.

आतां ज्या नुकसानीचा उल्लेख केला तें सांगतों. निकाल लागला कीं मुलगा मिळेल ती कंत्राटी नोकरी धरतो. घरांत चार पैसे येतात. त्यास दोष कसा द्यावा? परंतु पदवीनंतर एक वर्ष किंवा अधिक काळ नोकरीचा अनुभव पदरीं पडला, म्हणजे या योजनेस तो अपात्र होतो. इंजिनियरिंगची पदविका घेतलेला मुलगा दीड वर्ष संगणकावर नांवें व आंकडे भरीत बसला, तर त्यानें हातचें काम शिकलेलें नसतें आणि उमेदवारीचा मार्गही बंद झालेला असतो. हा नियम निकालाच्या आधींच ठाऊक असला पाहिजे. मंडळाच्या संकेतस्थळावर नांव नोंदविण्यास फार खटाटोप पडत नाहीं.

शेवटीं दोन शब्द कारखानदार व अधिकारी मंडळींस. तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेस एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणें बंधनकारक आहे, आणि त्या मोजणींत कंत्राटी माणसेंही येतात. म्हणजे दोनशें माणसांच्या कारखान्यांत निदान पांच, फार तर तीस. चार ते एकोणतीस माणसांच्या लहान कारखान्यांस ही गोष्ट ऐच्छिक आहे. वसईच्या पूर्वेस वालीव, गोखिवरें या बाजूस लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. तेथें आपल्यापैकीं जे जबाबदारीच्या जागीं असतील, त्यांनीं सोमवारीं कामावर गेल्यावर आपल्याकडे उमेदवार किती आहेत तें मोजून पाहावें. संख्या कमी भरली, तर आज मागच्या बांकांवर बसलेलीं मुलें त्यांच्या ओळखीचींच आहेत.