१२३६ भागिले ४, आणि हरवलेलं शून्य

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे दर वाक्यातले दोन-तीन 'म्हणजे' कमी केलेत.)

मागून मधेच हॉर्न आणि रिव्हर्सचं टुंटुं ऐकू आलं तर तो टँकर आहे. ते मी एडिट करत बसणार नाही, कारण आजच्या भागात त्याचं काम आहे.

मी सूसमध्ये राहतो. पाषाणवरून हायवे ओलांडून आलात की सूस. ३० जून २०२१ ला जी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली त्यांत आमचं गाव होतं. पत्ता बदलला, टँकर मात्र अजून येतात. आमच्या गेटवर जे काका असतात ते प्रत्येक टँकरची रजिस्टरमध्ये नोंद करतात. वेळ, गाडी नंबर, ड्रायव्हरची सही. त्यांची मुलगी पाचवीत आहे.

काका एकदा म्हणाले, "सर, तुम्ही कॉम्प्युटरवाले. हिला भागाकार येत नाही, बाईंनी सांगितलंय. बघता का जरा?" तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगतो, आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात. म्हणजे काकांची काळजी उगाच नव्हती.

मी म्हटलं, हात्तिच्या! बीटेक आहे, भागाकार शिकवायला काय लागतं? रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसू. (क्लबहाऊसला बुकिंगचे पैसे पडतात.) ती आली, तिचा धाकटा भाऊ आला, आणि स्वयंपाकाच्या मावशींची दोन मुलं. एकूण चौघं. मी गणित घातलं: चार महिन्यांत १२३६ टँकर आले, तर एका महिन्यात सरासरी किती?

तिनं मांडणी सुंदर केली. चार त्रिक बारा. बारातून बारा गेले शून्य. तीन खाली घेतला, भाग जात नाही. सहा खाली घेतला, छत्तीस. चार नव्वे छत्तीस. उत्तर ३९.

पाढे बरोबर, वजाबाकी बरोबर, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. उत्तर चूक. मी म्हटलं, "अगं, भाग गेला नाही तर वर शून्य द्यायचं असतं ना?" ती म्हणाली, "हो दादा, बाई पण म्हणतात. पण का द्यायचं?"

आणि इथे तुमचा बीटेक दादा गप्प झाला. खरं सांगतो, मला उत्तर नव्हतं. मला 'द्यायचं असतं' एवढंच माहीत होतं. आयुष्यभर ते शून्य मी देत आलोय, इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सला दिलंय, पण का, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. "पुढचं गणित घ्या."

ते डोक्यातून जाईना. रात्री बसलो आणि लक्षात आलं की आपण 'तीन खाली घेतला' म्हणतो तिथेच घोळ आहे. तो तीन नाहीच, तो तीस आहे. आणि पहिला बारा म्हणजे बाराशे. शाळेची मांडणी आपल्याला घाई व्हावी म्हणून जागांची नावं लपवते. ज्याला ती नावं माहीत आहेत त्याचं काम पटापट होतं. ज्याला कधी सांगितलीच नाहीत, त्याच्यासाठी तो नुसता अंक खाली आणायचा खेळ होतो.

पुढच्या रविवारी खेळण्यातल्या नोटा घेऊन गेलो. शंभराच्या बारा, दहाच्या तीन, एकाची सहा नाणी. म्हटलं, चौघांत सारखं वाटा. शंभराच्या प्रत्येकी तीन गेल्या. दहाच्या नोटा तीन आणि माणसं चार. धाकटा लगेच म्हणाला, "मला नको, तुम्ही घ्या." (तो पुढे जाऊन राजकारणात जाईल.) ताई म्हणाली, "असं नाही चालत. दहाची कुणालाच नाही. सुट्टे करावे लागतील." तीन नोटांचे तीस सुट्टे, आधीचे सहा, झाले छत्तीस. प्रत्येकाला नऊ.

मग मी विचारलं, तुझ्या हातात काय आहे? "शंभराच्या तीन, दहाची एकही नाही, एकाचे नऊ." लिही. तिनं ३ लिहिला, थांबली, शून्य लिहिलं, ९ लिहिला. आणि वहीचं मागचं पान उलटून जुन्या ३९ वर काट मारली. मी काही बोललो नाही.

पण त्याहून भारी गोष्ट पुढे झाली. ती म्हणाली, "दादा, ३९ तर तसंही शक्यच नव्हतं. महिन्याला ३९ म्हणजे दिवसाला एखादा. पप्पा दिवसाला दहा लिहितात."

मला सांगा, याहून चांगला अंदाज कोणत्या पुस्तकात मिळेल? तिच्याकडे उत्तर तपासायचं साधन आधीपासून होतं, गेटवर होतं. फक्त वहीतला १२३६ आणि गेटवरचे टँकर एकच आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम असा, की पेन्सिल टेकवायच्या आधी तोंडी अंदाज. बाराशेचे चार भाग, म्हणजे तीनशेच्या आसपास. मग मांडणी करा. उत्तर दोन अंकी आलं तर कुठेतरी सांडलंय.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईल आहे की. आहे ना. पण ४ च्या जागी चुकून ४० दाबलं तर मोबाईल शांतपणे ३०.९ दाखवतो, 'काहीतरी गडबड वाटतेय' असं म्हणत नाही. शिवाय एका टँकरचे दहा हजार लिटर धरले तर ३०९ टँकरचे किती? माझ्या फोननं 3090000 ला स्वल्पविराम दिले ते मिलियनच्या हिशेबानं: ३,०९०,०००. मुलांनी ते 'तीन लाख नऊ हजार' वाचलं. उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन, असं आपल्या पद्धतीनं पाडलं तेव्हा तीस लाख नव्वद हजार झालं. दहापट फरक आहे हा!

गुणाकारातही हेच शून्य लपलेलं असतं. ३०९ गुणिले २४ घ्या. दोन वर्षं याच वेगानं टँकर आले तर. पहिली ओळ ३०९ चोक १२३६. दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारायची, आठवतंय? मारलीच नाही तर १२३६ अधिक ६१८, उत्तर १८५४. मुलांना विचारलं फुली कशाला, तर उत्तर आलं, "मारायची असते." तीच बिमारी. आपण दोननं गुणतच नाही आहोत, वीसनं गुणतोय. ६१८० आहे ते, फुलीच्या जागी शून्य आहे. बेरीज ७४१६.

हे फोडून गुणणं आपल्याकडचंच आहे, फार जुनं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या पुस्तकात, १३५ गुणिले १२ असं उदाहरण आहे, आणि ते एकाच नाही, पाच प्रकारे सोडवायला दाखवलंय. बाराचे आठ अधिक चार करा. किंवा आधी तीननं गुणा, मग चारनं. किंवा दहा आणि दोन. किंवा सरळ वीसनं गुणून २७०० करा आणि आठपट, म्हणजे १०८० वजा करा. काहीही करा, १६२० च येतात. आणि मग विचारलंय, त्याला परत बारानं भागलं तर काय? म्हणजे उलटा ताळाही त्यात आहे. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. आणि आपण मुलांना एकच पद्धत देतो आणि दुसरी वापरली की लाल शाई. असो.

मोठ्या भाजकाचा भागाकार हा खरा घाम फोडणारा. ७४१६ भागिले २४. चोवीसचा पाढा कुणाला येत नाही, मलाही नाही. मग कोपऱ्यात छोटा पाढा बनवायचा, दुप्पट करत: २४, ४८, ९६, १९२, आणि दहापट २४०. चौऱ्याहत्तरात किती वेळा? अठ्ठेचाळीस आणि चोवीस बहात्तर, तीन वेळा. उरले दोन. पुढचा एक घेतला, एकवीस, चोवीसला पुरत नाहीत, शून्य. मग दोनशे सोळा, ते दोनशे चाळीसला एक चोवीस कमी, म्हणजे नऊ. मुलांना वाटतं अंदाज करणं म्हणजे चीटिंग. अरे, भागाकार म्हणजेच अंदाज!

कॉम्प्युटरसुद्धा तेच करतो. १९९३ साली इंटेलचा पेंटियम आला. त्याच्या भागाकाराच्या सर्किटमध्ये पुढचा अंक ओळखायला एक तक्ता होता, समजा त्याचा पाढाच. त्यात १०६६ नोंदी हव्या होत्या. पाच राहून गेल्या. जिथे २ हवा होता तिथे, ऐका हं, शून्य पडलं. १९९४ मध्ये थॉमस नाइसली नावाच्या अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकाला स्वतःच्या हिशेबात फरक सापडला. मग एक उदाहरण जगभर फिरलं: ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ नं भागा, आलेल्या उत्तराला परत त्याच संख्येनं गुणा आणि मूळ संख्येतून वजा करा. शून्य उरायला हवं. त्या चिपवर २५६ उरायचे. इंटेलला चिप बदलून देताना ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

ही गोष्ट मी पार्किंगमध्ये सांगितली तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा खदखदून हसली. "त्यांच्या पण शून्याचा घोळ?"

आणि हे एकटीचं नाही. 'असर' नावाचं जे सर्वेक्षण 'प्रथम' संस्था खेडोपाडी करते, त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला देतात. २०२४ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या जेमतेम तीस टक्के मुलांना ते आलं. बाकीची मुलं काय डोक्यानं कमी आहेत? मला तरी तसं वाटत नाही. त्यातली कितीतरी तिच्यासारखीच ३९ वर थांबलेली असतील.

तिची परीक्षा अजून व्हायचीय. गेल्या रविवारी तिनं स्वतःच गणित केलं. पप्पांच्या रजिस्टरमधून आकडा आणला होता, त्या चार महिन्यांचा खरा. १२३७ टँकर. मी १२३६ आपला सोयीनं घेतला होता, पकडला गेलो. भागलं, ३०९ आले, बाकी १. ताळा केला, ३०९ चोक १२३६, अधिक एक. सगळं बरोबर. मी म्हटलं, छान, बाकी एक लिही, झालं.

ती म्हणाली, "झालं काय दादा? तो एक टँकर कुठल्या महिन्यात लिहायचा?"

आमच्या कामात, सी-बीमध्ये, पूर्णांक भागिले पूर्णांक केलं की बाकी गुपचूप फेकून देतात. हे मी तिला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तिच्यासाठी पावकी घेऊन जातोय, पाव, निम्मा, पाऊण. माझ्या आजीला तोंडपाठ होती, मला बघून घ्यावी लागेल. कसं झालं ते पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या घरच्या पाचवीवाल्याला १२३६ भागिले ४ घालून बघा, आणि ३९ आलं तर मला कमेंटमध्ये कळवा. ओरडू नका त्याला.