डिलीट केलं म्हणजे गेलं का?

मैत्रिणींनो, अमरावती-अकोल्याकडे नवऱ्याचा धमकीचा मेसेज आला की घरचे बाईला म्हणतात, "पुसून टाक, झंझट नको." ती पुसते. पण तोच तिचा पुरावा असतो.

व्हॉट्सॲपचा पुसलेला मेसेज आधीचा बॅकअप असला तरच परत येतो. फोटोचं तसं नाही. गुगल फोटोजच्या कचरापेटीत तो बॅकअप असल्यास 60 दिवस, नसल्यास 30 दिवस राहतो. तिथून परत घेता येतो. मात्र ही पेटी नवऱ्यालाही उघडता येते, आणि आपल्याकडे बाईचा फोन 'घरचा'च असतो! मारहाणीच्या खुणांचा फोटो भीतीपोटी पुसला, तरी त्याला तिथे दिसतो. म्हणून तो आधी विश्वासातल्या बाईकडे पाठवून ठेवायला सांगा.

पण कोर्टात नुसती प्रत पुरत नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं: प्रतीसोबत प्रमाणपत्र हवं, मालकाने मूळ फोनच हजर करून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रतीसाठी कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतंच. तेव्हा तिचा काच फुटलेला जुना फोन विकू देऊ नका, रीसेटही करू देऊ नका.